ओट्याची उंची कोण ठरवतो?

भाताची झोडणी उरकली की पानशेतच्या खोऱ्यात बांधकामांना वेग येतो. खडकवासल्याच्या पाण्याला लागून वर जाणाऱ्या रस्त्याने विटा, खडी आणि सिमेंटच्या गाड्यांची ये-जा सुरू होते. कुठे जुन्या कौलारू घराच्या जागी स्लॅबचे घर उभे राहते, कुठे घरकुल योजनेतल्या दोन खोल्या, तर कुठे धरणाच्या पाण्याकडे तोंड केलेला शहरातल्या कुणाचा तरी शनिवार-रविवारचा बंगला. या तिन्ही घरांचा खर्च वेगळा आणि ऐपतही वेगळी, पण एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. स्वयंपाकघराचा विचार सर्वांत शेवटी होतो, आणि तो करताना जिला तिथे रोज उभे राहायचे आहे तिला फारसे कुणी विचारत नाही.

सल्ला देणारे मात्र कमी नसतात. गवंडी नेहमीच्या मापाने ओटा बांधून मोकळा होतो. फर्निचरवाला ट्रॉल्यांचे रंग आणि हँडल दाखवतो. ग्रॅनाइटवाला चकाकी दाखवतो. चूल कोणत्या दिशेला हवी हे सांगणारे पाहुणे तर प्रत्येक घरात असतात. यांपैकी प्रत्येकाचा सल्ला त्याच्या मालापुरता किंवा सवयीपुरता असतो. धूर कुठून बाहेर जाणार, ओटा कुणाच्या उंचीचा, सिलिंडर गळला तर गॅस कुठे साचणार, मोरीचे पाणी कुठे जिरणार, हे प्रश्न विचारणे यांपैकी कुणाचेच काम नसते. स्वयंपाकघर हा हौसेचा विषय समजला जातो. वास्तविक तो आधी फुफ्फुसांचा, कमरेचा आणि डोळ्यांचा विषय आहे. दिवसाला तीन तास धरले तरी तीस वर्षांत एक बाई त्या चार भिंतींत सुमारे ३३ हजार तास उभी राहते. इतके तास जिथे काढायचे, त्या जागेचा आराखडा आरोग्याच्या नजरेतून तपासून घेण्याची पद्धत आपल्याकडे नाही, आणि ती पडायला हवी.

सुरुवात हवेपासून करू. जुने कौलारू घर काळवंडलेले असे, पण ते श्वास घेत असे. चुलीचा धूर वर चढे आणि कौलांच्या फटींतून हळूहळू निघून जाई. तो सगळा जाई असे नाही. त्या घरांतल्या बायकांचे खोकले आणि चुरचुरणारे डोळे याची साक्ष देतील. तरीही धुराला वरून वाट होती. धुरामुळे लाकूड आणि माळ्यावरचे धान्य किडीपासून वाचते, हा अनुभवही त्यामागे होता. आता कौले गेली आणि स्लॅब आला. स्लॅब गळत नाही, माकडे नासधूस करत नाहीत, वर्षातून एकदा शाकारणीचा खर्च नाही. त्यामुळे लोकांनी तो स्वीकारला यात नवल नाही. परंतु स्लॅबला फटी नसतात. तापलेली हवा वर जाऊन छताला अडते, थंड होते आणि धूर घेऊन पुन्हा नाकाच्या पातळीला उतरते. घर पक्के झाले, धूरही घरात पक्का झाला. कौलारू घरात आपोआप होणारी गोष्ट स्लॅबच्या घरात ठरवून करावी लागते, हे बांधणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवे.

यावर कुणी म्हणेल की आता गॅस आला आहे, मग धूर कुठला? उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि लाखो घरांत पहिल्यांदा शेगडी पोहोचली, हे खरेच आहे. तरी २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली सुमारे ५९ टक्केच कुटुंबे स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरत होती. शिवाय शेगडी आली म्हणजे चूल गेली असेही नाही. डोंगरी भागात अनेक घरांत चहा आणि भाजी गॅसवर होते. आंघोळीचे पाणी, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी आणि सणावाराचा मोठा स्वयंपाक चुलीवर होतो. लाकूड रानातून मिळते आणि सिलिंडरला रोख पैसे मोजावे लागतात, हा हिशेब साधा आहे. नव्या घराच्या आराखड्यात मात्र चुलीला जागाच दाखवलेली नसते. मग ती मागच्या पडवीत पत्रे ठोकून, तीन बाजूंनी बंद करून मांडली जाते, आणि तिचा धूर पुन्हा स्वयंपाकघराच्या दारातूनच आत येतो.

या धुराची किंमत मोजली गेली आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मापक यंत्रे बसवली. चुलीजवळच्या हवेतल्या कणांचे प्रमाण शहरी प्रदूषणाच्या कितीतरी पट असल्याचे त्यातून दिसले. तोवर वायुप्रदूषण म्हणजे कारखाने आणि वाहने एवढेच समजले जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या प्रदूषित हवेमुळे २०२० मध्ये जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती. दम लागणे, बारमाही खोकला, हृदयविकार, पक्षाघात, लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांमधला मोतीबिंदू या सगळ्यांशी चुलीच्या धुराचे नाते जोडले गेले आहे. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या बाईला दम्यासारखा आजार जडतो, तेव्हा डॉक्टरांनी तंबाखूबरोबर स्वयंपाकघराचीही चौकशी करायला हवी ती यासाठीच.

गॅसच्या निळ्या ज्योतीत धूर दिसत नाही, म्हणून ती अगदी निर्धोक असे समजणेही बरोबर नाही. ज्योतीच्या उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा संयोग होऊन नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो दमेकऱ्यांना त्रास देतो. फोडणी आणि तळण यांतून उडणारे तेलाचे सूक्ष्म थेंब वेगळेच. चुलीपेक्षा हे प्रमाण खूप कमी असते, पण त्यालाही बाहेर जायला वाट लागते. पानशेतसारख्या भागात जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो की खिडक्या बंदच ठेवाव्या लागतात. म्हणजे वर्षातला एक तृतीयांश काळ स्वयंपाकघर बंद पेटीसारखे असते, आणि ओले सरपण सर्वांत जास्त धूर याच दिवसांत करते.

म्हणून पहिला सल्ला घ्यायचा तो स्लॅब पडण्याआधी, आणि तो गावातल्या जुन्या माणसांकडूनही घ्यावा. आपल्या जागेवर पावसाची झड कोणत्या बाजूने लागते, हे त्यांना कोणत्याही नकाशापेक्षा चांगले ठाऊक असते. शेगडीची भिंत आणि हवा बाहेर जायची झरोक्याची जागा झडीच्या उलट बाजूला असावी, म्हणजे ती पावसाळ्यातही उघडी ठेवता येते. झरोका स्लॅबच्या अगदी खाली, जाळी लावलेला आणि वर खोल छज्जा असलेला हवा. त्याच्या समोरच्या भिंतीत खाली हवा आत येण्याची सोय हवी. बाहेरची हवा आत आली नाही तर पंखा कितीही मोठा असला तरी आतली हवा बाहेर ढकलू शकत नाही. शेगडी मात्र थेट खिडकीसमोर ठेवू नये. वाऱ्याने ज्योत विझते, गॅस तसाच सुटत राहतो, आणि पडदा किंवा पदर पेट घेण्याची भीती असते.

विजेवरची चिमणी घेणाऱ्यांनी एवढे एकच विचारावे, की तिचा पाइप घराबाहेर निघतो का. पाइप नसलेली चिमणी हवेतले तेल गाळते आणि तीच हवा पुन्हा खोलीत सोडते. वायू आणि बराचसा ओलावा तिथेच राहतो. पाइपासाठी साधारण सहा इंचांचे भोक लागते. ते प्लास्टर होण्याआधी ठेवले तर खर्च नगण्य; टाइल्स बसल्यावर आठवले तर कुणीच भिंत फोडत नाही आणि बिनपाइपाची चिमणी गळ्यात पडते. चूल राहणार असेल तर तिला लाजून मागे ढकलू नये. तिच्यासाठी दोन बाजू मोकळ्या असलेला वेगळा आडोसा आणि छपराच्या वर निघणारे धुराडे आराखड्यातच दाखवावे. सुधारित चुलींवर महाराष्ट्रात भरपूर काम झाले आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या पुण्याच्या संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याच्या तंत्रासाठी २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. मात्र १९८०च्या दशकातल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाचा धडाही लक्षात ठेवावा. वाटलेल्या चुलींपैकी असंख्य चुली पुढे पडून राहिल्या. भांडी नीट बसत नव्हती, धुराड्याची काजळी काढणे कुणी शिकवले नव्हते, आणि मुळात वापरणारीला विचारले गेले नव्हते.

हाच धडा ओट्याच्या उंचीला लागू होतो. एकसलग बांधलेले आधुनिक स्वयंपाकघर जगाला दिले ते मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी, १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरासाठी. त्यांनी घड्याळ लावून हालचाली मोजल्या, पावले वाचवली, बसून काम करायला फिरते स्टूलही दिले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. आपण त्याआधी कधी स्वयंपाक केला नव्हता, हे त्यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितले. त्यांची कमतरता मोजमापाने भरून निघाली. आपल्याकडे कल्पना आली, कप्पे आले, ट्रॉल्या आल्या, पण ते मोजमाप मागे राहिले. युरोपात ओटा साधारण ३४ ते ३६ इंचांचा असतो, तो तिथल्या माणसांच्या उंचीला धरून. भारतीय स्त्रीची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. परदेशी मापाचे तयार कपाट तिच्यापुढे ठेवले की खांदे दिवसभर उचललेले राहतात. ओटा फार बुटका असला की कंबर वाकते.

योग्य उंची काढायला तज्ज्ञ लागत नाही, टेप पुरतो. स्वयंपाक करणारीने घरात वापरायच्या चपला घालून सरळ उभे राहावे, कोपर काटकोनात वाकवावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की भाजी चिरण्याच्या ओट्याची उंची मिळते. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर सुमारे ३८ इंचांवर येते, म्हणजे ओटा ३२ ते ३४ इंचांचा. पण सगळ्या कामांना एकच उंची चालत नाही. ओट्यावर ठेवलेली शेगडीच चार-सहा इंच उंच असते, तिच्यावर पातेले चढले की ढवळणारा हात खांद्याच्या वर जातो. म्हणून शेगडीचा भाग तेवढाच खाली हवा. कणीक मळताना आणि भाकरी थापताना वरून जोर द्यावा लागतो, त्यालाही खालची जागा सोयीची. उलट सिंकचा तळ काठाच्या सात-आठ इंच खाली असतो, म्हणून सिंकचा काठ थोडा वर असला तर भांडी घासताना पाठ वाकत नाही. ओट्याखाली पायाची बोटे आत जातील एवढी, साधारण चार इंचांची, खाच ठेवली तर माणूस ओट्याजवळ उभा राहू शकतो. नाहीतर पुढे झुकावे लागते. यात जादा सिमेंट लागत नाही, फक्त आधी विचारावे लागते.

पाटावर बसून स्वयंपाक करणे मागासलेले, असे मानण्याचेही कारण नाही. ज्यांना जमते त्यांच्यासाठी भाकरीपुरता खालचा भाग ठेवता येतो. मात्र ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना दिवसातून वीस वेळा उठबस करावी लागू नये. जड डबे गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली असावेत. तांदळाचा पिंप माळ्यावर आणि रिकामे डबे खाली ही उलटी मांडणी स्टुलावरून पडण्याचे निमंत्रण असते. दिवा पाठीमागे असला की आपलीच सावली विळीवर पडते, म्हणून तो ओट्याच्या वर, समोर हवा. मिक्सर, इंडक्शन शेगडी आणि फ्रिज यांसाठी जाड वायरचे वेगळे पॉइंट, खरे अर्थिंग आणि गळतीच्या विजेवर चटकन तुटणारा सुरक्षा स्विच, एवढे वायरमनकडून लिहून घ्यावे. ओल्या हातांची जागा आहे ही.

नव्या पद्धतीच्या स्वयंपाकघरातला सर्वांत दुर्लक्षित धोका म्हणजे लपवलेला सिलिंडर. दिसायला बरे म्हणून १४.२ किलोचा सिलिंडर दार असलेल्या कपाटात कोंडला जातो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा खाली पसरतो आणि कपाटाच्या तळाशी साचतो. वास येण्यासाठी त्यात मुद्दाम मिसळलेले उग्र रसायन असते, पण कपाट बंद असेल तर तो वास कळायलाही उशीर होतो. सिलिंडर उभा, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर आणि हवेशीर जागी असावा. कपाटात ठेवायचाच तर दाराला खाली जाळी आणि बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत झरोका हवा. नळी दीड मीटरहून लांब नको आणि पाच वर्षांनी बदलायला हवी. ट्रॉल्यांमागून फिरवलेली लांब नळी उंदराने कुरतडली तरी दिसत नाही. वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये, चालू असलेले बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

कपाटांचा मालही आरोग्याचाच प्रश्न आहे. भुशापासून दाबून केलेल्या स्वस्त फळ्या पानशेतच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत फुगतात, मग बुरशी आणि झुरळे आलीच. या फळ्या आणि प्लायवूड जोडणाऱ्या काही डिंकांतून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू निघत राहतो, आणि उष्णता व ओलावा वाढला की तो जास्त निघतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तो मानवी कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत धरला. म्हणून दुकानदाराला रंगाआधी फळीचा दर्जा विचारावा. उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या प्लायला ‘आयएस ७१०’ हे भारतीय मानक आहे. कमी वायू सोडणाऱ्या मालावर ‘ई-१’ किंवा ‘ई-०’ असे लिहिलेले असते. आणि खर्च झेपत नसेल तर आपल्या जुन्या घरांतल्या कडप्प्याच्या फळ्या काही वाईट नाहीत. त्या फुगत नाहीत, वास सोडत नाहीत, पाण्याने धुता येतात.

ओट्याच्या दगडाबाबत आणखी एक प्रश्न आहे, तो आपल्या फुफ्फुसांचा नाही, तो दगड कापणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसांचा. कृत्रिम क्वार्ट्झच्या लादीत ९० टक्क्यांहून अधिक सिलिका असू शकते. कोरड्या कटरने ती कापताना उडणारी धूळ फुफ्फुसांत कायमची बसते आणि सिलिकोसिस होतो. त्याला बरे करणारे औषध नाही. तरुण कामगारांत हा आजार वाढल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्ये सिलिका कमी असते, पण असते. त्यामुळे कटरवर पाणी सोडून कापा आणि साधा रुमाल न बांधता योग्य मास्क लावा, हे ठेका देताना घरमालकाने सांगावे. ते काम घरातल्या पोराबाळांच्या देखत, बंद खोलीत तर कधीच होऊ देऊ नये.

आणि शेवटी मोरीचे पाणी. अंबी आणि मोसे नद्यांवरच्या पानशेत आणि वरसगाव धरणांचे पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळाला जाते. या खोऱ्यातल्या सिंकमधून उघड्या ओहोळात सोडलेले तेलकट, साबणाचे पाणी आधी आपल्याच दारात डास वाढवते आणि मग उताराने पुढे जाते. तेल अडवणारी एक छोटी टाकी आणि पुढे शोषखड्डा, एवढ्याने बराच प्रश्न सुटतो. हा नियम घरकुलापेक्षा बंगले आणि रिसॉर्ट यांना आधी लागू व्हायला हवा, कारण त्यांचे सांडपाणी जास्त आणि ऐपतही जास्त.

यात सरकारने करायचे काम नवे नाही, अर्धवट राहिलेले आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकासाठी वेगळी जागा धरलेली आहे. परंतु स्वच्छ म्हणजे काय, हे घर बांधणाऱ्या कुटुंबाला पानभर साध्या मराठीत मिळायला हवे. अनुदानाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळतात. जोत्याची पाहणी करायला येणाऱ्या अभियंत्याने त्याच वेळी झरोका, चुलीची जागा आणि सिलिंडरची जागा आराखड्यात पाहिली तर वेगळी यंत्रणा लागणार नाही. याच योजनेत गवंड्यांना ४५ दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. त्यात कोपराच्या मापाचा एक तास घालणे अवघड नाही. गॅस एजन्सीने जोडणी देताना कपाट तपासावे, आशा सेविकेने घरभेटीत धुराची चौकशी करावी. आणि या कागदावर घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीची सही घेतल्याशिवाय ओट्याचे काम सुरू होऊ नये.

ज्यांना सरकारी हप्त्याची वाट पाहायची नाही, त्यांच्यासाठी क्रम सोपा आहे. आधी स्वयंपाक करणारीला विचारा, मग हवा आणि पाणी पाहा, नंतर गवंडी, वायरमन आणि गॅस एजन्सी यांना एकदा एकत्र जागेवर बोलवा. फर्निचरच्या दुकानात सर्वांत शेवटी जा. ट्रॉल्या दहा वर्षांनी बदलता येतात. स्लॅबमधला न ठेवलेला झरोका आणि तीस वर्षे वाकलेली कंबर बदलता येत नाही.